पाचातली तुराज

११ मार्च

कॉलेज सुटून आज बारा दिवस. सुटलं म्हणजे मीच सोडलं. तेलविहिरीतल्या दाबाचा तास चालू होता. मास्तर म्हणाले, "तर्लान, तुझं डोकं आणि रिकामं पिंप, वाजवलं तर आवाज सारखाच." वर्ग हसला. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली, परत उचलली आणि निघालो. तीच ही वही. पुढून दाबाची गणितं आहेत, मागून मी हे लिहितोय.

मी तुकेझबान खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहतो, बाकूतल्या यासामल भागात. खाला तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "शिकायचं नाही ना? मग खडे चिकटव." जिम्नॅस्ट मुलींचे पोशाख शिवते ती. एकेका पोशाखाला दोन-अडीच हजार चमकते खडे. चिमट्याने उचलायचा, गोंदाचा थेंब, दाबायचा. आज तुराजचा पोशाख आला. पुढची बाजू खालाने मला दिली नाही. "तू पाठ कर," म्हणाली, "आणि डोळे खड्यांवर ठेव." पाठीला चारशे बारा खडे लागले. प्रत्येकाला मी तिचं नाव घेतलं.

शिक्षण सुटलं की लष्कराचं बोलावणं येतं. माझं जुलैत आहे. दीड वर्ष. त्याच्या आत तिच्या बोटात अंगठी हवी. अंगठी घातलेली मुलगी वाट बघते. बिनअंगठीची किती दिवस बघणार?

१५ मार्च

तुराज समोरच्या इमारतीत राहते. आज पाऊण तास जिन्यात बोललो. म्हणजे ती बोलली, मी तिच्याकडे बघत होतो.

पाच वर्षांची असताना आई तिला जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या सोलमाझ खानमकडे घेऊन गेली. खानमनी पोरीकडे नंतर पाहिलं, आधी आईला उभं करून गोल फिरवलं. पोरगी पुढे किती सुटेल ते आईच्या कमरेवरून कळतं म्हणे. आई तेव्हा आजारातून उठली होती, हाडं दिसत होती. म्हणून तुराज निवडली गेली. "आईला टायफॉइड झाला नसता तर मी आज कुठेतरी केस कापत असते," म्हणाली आणि हसली.

सतराव्या वर्षापर्यंत ती एकटी खेळायची. मग बाहेरच्या देशातून एक मुलगी आणली, महिन्याभरात तिचे नागरिकत्वाचे कागद झाले, आणि तुराजला समूहात टाकलं. समूहात पाच मुली आणि एक राखीव. दोन वर्षं राखीव तुराजच. राखीवने पाचजणींइतकंच घासायचं आणि स्पर्धेच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या धरायच्या. जानेवारीत एकीचं लग्न झालं, जागा रिकामी झाली, तुराज पाचात आली. मे महिन्याच्या शेवटी मोठी स्पर्धा आहे, इथेच, बाकूत.

तिचे वडील, अज्दर अमी म्हणजे अज्दर काका, टॅक्सी चालवतात. चौदा वर्षांत एकदाही तिला बघायला गेले नाहीत. लोकांच्यात बसून आपली पोरगी तसल्या कपड्यात बघवत नाही त्यांना. पण परवा जेवताना म्हणाले, "पाचात उभी राहिलीस, आपल्या गावात, तर येईन. टाय घालून येईन." हे तिने मला चार वेळा सांगितलं. टाय, टाय.

मी विचारलं, "आणि आपलं?"

"जूननंतर बोलू."

तिचं सगळं जूननंतर. माझं सगळं जुलैच्या आत.

२ एप्रिल

पोशाख पोचवायला सरावाच्या हॉलवर गेलो. दारातच वजनकाटा. शेजारी खुर्चीवर सोलमाझ खानम, पायात घरातल्या सपाता, मांडीवर वही. मुली रांगेत, केसांतल्या पिनासुद्धा काढून ठेवलेल्या.

"तुराज. अठ्ठेचाळीस तीनशे. काल?"

"अठ्ठेचाळीस शंभर, खानम."

"दोनशे ग्रॅम कुठून आले? वारा खाल्लास? बाकूत वारा फार आहे गं, तोंड मिटून फिरत जा."

मुली हसल्या. तुराजही हसली.

"पाणी प्याले, खानम."

"उंटीण आहेस? साठवतेस?" मग माझ्याकडे वळून, "हा कोण, खडेवाला? बाळा, हिच्या पाठीचे शंभर खडे काढ. तेवढीच हलकी होईल."

काटा खिडकीतून फेकावासा वाटला. बाहेर येऊन कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

पण त्याआधी सराव पाहिला. पाच मुली, पाच रिंगा. पाचही रिंगा एकदम वर जातात, मुली जमिनीवर लोळण घेतात आणि उठताना कुठलीच आपली रिंग झेलत नाही, शेजारणीची झेलते. तुराज तर मागे न बघता पायाने झेलते. उडी मारून उतरली तेव्हा तिची डावी टाच जमिनीला लागली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकीचे पाचजणींना बघत होते. मी एकीलाच बघत होतो.

९ एप्रिल

मी धोशा लावला तेव्हा पाय दाखवायला कबूल झाली. शेजाऱ्याची गाडी मागून तिला शेजारच्या गावी, सुमगाइतला नेलं. बाकूत प्रत्येक हाडाच्या डॉक्टरला सोलमाझ खानम ओळखतात. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. तुराजला काही सुचेना, म्हणाली, "तुकेझबान."

"अगंबाई! हे नाव अजून जिवंत आहे?"

तुराज तोंडावर ओढणी धरून हसली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरने फोटो खिडकीपुढे धरला. दुसऱ्या बोटाच्या मागच्या हाडाला केसाएवढी रेघ. "सहा आठवडे हा पाय टेकवायचा नाही. टेकवलास तर रेघ आरपार जाईल, मग खिळे ठोकावे लागतील."

"सहा आठवडे बसले तर उल्कर माझ्या जागी येईल," ती गाडीत म्हणाली. उल्कर म्हणजे आताची राखीव, सोळा वर्षांची. "सहाच आठवडे काढायचेत ना? बसून काढायच्या ऐवजी उभी राहून काढीन. मग ठोका म्हणावं काय ते खिळे."

वाटेत तंदूरची रोटी घेतली. तिने नखाएवढा तुकडा मोडला, बाकीची माझ्या हातात दिली. "ह्या रोटीची शपथ घे. कुणाला सांगणार नाहीस."

रोटी चटके बसतील इतकी गरम होती. मी शपथ घेतली.

"फक्त तुला माहीत आहे. आईलासुद्धा नाही."

फक्त मला. दुखणं थांबवायच्या गोळ्या आणायचं कामही माझ्याकडे. आता आमच्या दोघांचं असं काहीतरी आहे, जे जगात कुणाचं नाही. अंगठी नसेना का.

१३ एप्रिल

मागणी घालायला गेलो. तुराजला विचारलं नव्हतं. मुलीला विचारून मागणी घालतात का? खालाने ठेवणीतला कोट घातला. जिन्यात म्हणाली, "नावं तरी बघा. तर्लान म्हणजे ससाणा, तुराज म्हणजे तित्तिर. ससाणा तित्तिर मागायला निघालाय."

अज्दर अमींनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"खडे लावतो," खाला म्हणाली. "पण ओळीत लावतो."

चहा आला. तुराजच्या आईने आणला, तुराज सरावाला. नुसता चहा. साखरेचं भांडं काचेच्या कपाटात, आम्हाला दिसत होतं. साखर घातली असती तर होकार. खालाने एक घोट घेऊन पेला ठेवला.

"नाही म्हणत नाही मी," अज्दर अमी म्हणाले. "पण ही पोरगी चौदा वर्षं माझ्याकडे फक्त झोपायला येते. तिची खरी मालकीण सोलमाझ खानम. त्या मध्यस्थ होऊन माझ्या दारात आल्या, तर मी कोण नाही म्हणणारा?"

जिना उतरताना खाला म्हणाली, "टाळलं रे. सभ्य माणूस आहे, गोड बोलून टाळलं."

खाला म्हातारी झाली. टाळलं कुठे? रस्ता दाखवला.

रात्री तुराजचा फोन. "जूननंतर म्हटलं होतं ना तुला?" एवढंच बोलून ठेवला. आवाज थकलेला होता. तिला कुणीतरी ह्यातून सोडवायलाच हवं.

१६ एप्रिल

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

खालाला न सांगता पाखलवा मिठाईचा डबा घेऊन हॉलवर गेलो. खानम एकट्याच होत्या, रिंगांना रंगीत पट्टी गुंडाळत होत्या. मी म्हणालो, खानम, तुम्ही आमच्या वतीने अज्दर अमींकडे शब्द टाका.

त्या खूप हसल्या. "मी? मी लग्नं लावत नाही, बाळ, लांबवते. गेल्या वर्षीचं एक लग्न मी दोनदा पुढे ढकललंय."

"मला जुलैत जायचंय, खानम."

"जा. ये. ती कुठे पळते? अजून चार वर्षं आहेत तिच्यात."

चार वर्षं! माझं डोकं फिरलं. "चार वर्षं कशी काढणार ती?" मी ओरडलो. "मोडक्या पायाने? गोळ्या खाऊन उभी राहते ती तुमच्यासमोर, आणि तुम्ही ग्रॅम मोजता!"

खानमनी पट्टी खाली ठेवली. पाखलव्याच्या डब्याचं झाकण लावलं.

"कुठला पाय?"



"डावा," त्या स्वतःच म्हणाल्या. "तरीच तिसऱ्या उडीनंतर ती अर्धा ठोका उशिरा येते. मी आळशी म्हणत होते पोरीला." मग मला चहा दिला. "चांगलं केलंस, मुला. सख्ख्या आईने केलं नसतं. आणि तुझं काम मी करते. सोलमाझ दिलेला शब्द पाळते."

मी सांगायला गेलो नव्हतो. हे मी कुणाहीपुढे सांगेन. निघून गेलं तोंडातून. पण निघून गेल्यावर, खोटं कशाला लिहू, कमरेचा पट्टा सैल केल्यासारखं वाटलं. का वाटलं ते कळत नाही. आता ती बरी होईल, म्हणून वाटलं असणार.

१८ एप्रिल

उल्कर पोशाख घेऊन आली. तुराजचा पोशाख. तिच्या मापाचा करायचाय.

खालाने विचारलं, काय झालं? उल्कर उभ्या उभ्या रडत सांगत होती. काल सकाळी खानमनी सगळ्यांना भिंतीशी बसवलं आणि तुराजला मध्ये बोलावलं. म्हणाल्या, "डाव्या पायावर साठ उड्या मार. साठ झाल्या तर मी मूर्ख, तू पाचात." मुलींना मोठ्याने मोजायला लावलं. तुराज एकेचाळीसपर्यंत गेली. बेचाळिसाव्याला आवाज आला, म्हणाली उल्कर, वाळकी काडी मोडल्यासारखा, भिंतीपर्यंत ऐकू आला. तरी तुराज उजव्या पायावर उभी राहून विचारत होती, "खानम, बदलून मारू का? उरलेल्या उजव्याने मारू?"

उल्कर म्हणाली, "मला ही जागा अशी नको होती, खाला."

"कशीही आली तरी जागा जागाच असते," खाला म्हणाली. "हात वर कर, माप घेऊ दे."

उल्करची पाठ अरुंद. दोन्ही बाजूंचे खडे काढायचे होते. खालाने काम मला दिलं. गोंद पक्का बसला होता, कापड फाटू न देता एकेक उपटावा लागला. खानम नीच आहे. तिने साठ उड्या मारायला लावायला नको होत्या. मी पाय म्हणालो होतो, उड्या म्हणालो नव्हतो.

२२ एप्रिल

खिळे ठोकले. तीन. मी दवाखान्यात गेलो, तिच्या आईने दारातच सांगितलं, ती झोपलीय. आतून तिचा आवाज येत होता, ती आकडे म्हणत होती, ठोक्यावरचे. पाच, सहा, सात, वळ. पाच, सहा, सात, वळ.

तिला अजून ठाऊक नाही कुणी सांगितलं ते. सांगावं का? दोनदा फोन हातात घेतला. पण आता सांगून पाय जुळणार आहे का?

२९ एप्रिल

झालं! होकार आला!

सोलमाझ खानम काल शब्द पाळायला स्वतः आल्या. डोक्यावर रेशमी रुमाल, हातात मिठाई, खालाच्या पुढे जिना चढल्या. अज्दर अमींनी दार उघडलं. आत गेले, टाय घालून आले. त्यांच्या दारात खानम आलेल्या, टाय नको?

"अज्दर किशी," खानम म्हणाल्या, "पाचव्या वर्षी तुमची पोरगी मी मागून नेली होती. आज परत आणून देते आणि दुसऱ्यासाठी मागते. आता तिच्याकडून उड्या होणार नाहीत. मुलं होतील. मुलगा तापट आहे, पण प्रेम करतो."

अज्दर अमींनी टायची गाठ सारखी केली. मग कपाटाकडे हात करून म्हणाले, "साखर काढा."

चहा तुराजने आणला. एका काखेत कुबडी, दुसऱ्या हातावर तबक, तबकात सहा पेले. मी उठलो, तिने मानेनेच बस म्हटलं. तिची नजर वडिलांच्या टायवर गेली आणि तिथेच राहिली.

तेव्हा खानम म्हणाल्या, सगळ्यांसमोर, कौतुकाने, "ह्या मुलाचे उपकार मान गं. हा वेळेवर येऊन बोलला म्हणून मला कळलं. नाहीतर कायमची लंगडी झाली असतीस."

मला वाटलं, आता तबक माझ्या तोंडावर येणार. पण ती तुराज आहे. एक थेंब सांडला नाही. पेले वाटले, पहिला खानमना, दुसरा वडिलांना, तिसरा खालाला, चौथा आईला. मग मला. माझ्या पेल्यात तिने स्वतः साखर ढवळली. उरलेला पेला घेऊन बसली.

खानमनी तिच्या पेल्यात दोन खडे टाकले. "पी. आता काटा नाही."

ती प्यायली. मग भांडं जवळ ओढलं आणि साखरेचे खडे एकेक करून तोंडात टाकू लागली. चावून. कुडुम, कुडुम. आई म्हणाली, "पुरे गं." खाला हसत म्हणाली, "खाऊ दे, चौदा वर्षांची भूक आहे." सगळे हसले. भांडं रिकामं होईस्तोवर ती खात राहिली, माझ्याकडे बघत.

माफ केलं तिने मला. राग असता तर बोलली असती. माझ्यासारखी असती तर भांडं फोडलं असतं. खाला मात्र घरी येऊन म्हणाली, "कोण बोललं म्हणाल्या खानम? तू?" आणि संध्याकाळी माझं ताट वाढलं नाही. म्हातारीचं काय मनावर घ्यायचं.

२५ मे

काल स्पर्धेला गेलो. तिकिटं मीच काढली, चांगल्या जागेची. वाटलं, तिचं मन रमेल. ती नको म्हणाली नाही. हल्ली ती कशालाच नको म्हणत नाही.

आपल्या पाच मुली गालिच्यावर आल्या. उल्कर डावीकडून दुसरी, तुराजच्या जागी. पाठ चमकत होती. संगीत सुरू झालं तशी तुराजने माझं मनगट धरलं. लोकांच्यात, सगळ्यांदेखत! पहिल्यांदाच तिने आपण होऊन हात धरला. रिंगा वर गेल्या की नखं रुतायची, झेलल्या की सैल व्हायची. आज मनगटावर चार चंद्रकोरी आहेत, काळ्यानिळ्या. खालाला दाखवल्या नाहीत. माझ्या आहेत त्या.

तिसरा नंबर आला. सगळं सभागृह उभं राहिलं. तुराजही कुबडीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती, एका हाताने मांडीवर. रडली नाही. मी म्हणालो, "बघ, तुझ्याशिवायही आला." धीर द्यायला म्हणालो. ती म्हणाली, "हो."

अज्दर अमी आले नाहीत. कुणाला बघायला येणार होते?

१४ जून

खानमनी तुराजला मदतनीस म्हणून घेतलं. नव्याने आलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोरी तिच्याकडे, त्या तिला मुअल्लिमा, म्हणजे बाई, म्हणतात. खालाला वाटतं, नको होतं जायला. मला वाटतं बरं झालं. मी नसताना दीड वर्ष घरात बसून काय करणार? अंगठी बोटात आहे. हॉलमध्ये सगळ्या बायकाच आहेत.

चौदा किलो वाढलंय तिचं. छान दिसते. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "तुझ्यासाठीच."

२ जुलै

परवा पहाटे निघायचं. केस कापून आलो, आरशात कोंबडीचं पिल्लू दिसतो. शेवटचं भेटायला हॉलवर गेलो. आता मला कुणी अडवत नाही, मी हिचा होणारा नवरा.

पोरी भिंतीशी बसल्या होत्या. मधे दोन खुर्च्या, दोहोंत अंतर. एका खुर्चीवर एका पोरीचा पुढचा पाय, दुसऱ्यावर मागचा, कंबर मधे अधांतरी. सहा वर्षांची असेल, दोन शेंड्या. तुराज तिच्या मांडीवर बसली होती. सगळं वजन टाकून बसली होती आणि सावकाश मोजत होती.

"अठ्ठावीस. एकोणतीस. नाव काय तुझं?"

"झुलेखा," पोरगी कशीबशी म्हणाली.

"दुखतंय, झुलेखा?"

"हो, मुअल्लिमा."

"तिथेच चुकतेस. परत विचारते. दुखतंय?"

"...नाही, मुअल्लिमा."

"शाब्बास. तीस." मग तिने मला पाहिलं. उठली नाही. भिंतीकडच्या पोरींना म्हणाली, "इकडे बघा गं सगळ्या. हा तर्लान. माझा होणारा नवरा. ह्याचं माझ्यावर फार प्रेम आहे. म्हणून लक्षात ठेवा, दुखलं तर आईला सांगायचं नाही, खानमना सांगायचं नाही. आणि जो म्हणेल माझं तुझ्यावर प्रेम आहे, त्याला तर जीव गेला तरी सांगायचं नाही."

पोरी खिदळल्या. मीही हसलो. सगळ्यांसमोर प्रेम म्हणाली, लाजायच्या ऐवजी. अशी थट्टा ती आधी करत नसे.

"परवा जातोय," मी म्हणालो. "थोडं बोलू या का?"

"बोलू. शंभर होऊ देत. बाहेर थांब."

मी बाहेर बाकावर बसलो. दार लोटलेलं होतं, आवाज येत होता. मीही तिच्याबरोबर मोजत होतो. सत्तर. ऐंशी. नव्वदला पोरीचं कण्हणं थांबलं. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. मी उठलो, शर्ट नीट केला.

आतून तुराज म्हणाली, "एक."